तात्यांची जीभ हळूहळू मोठी होतेय, सांगली-मिरजेत कुणाला दाखवावं?

कृष्णाकाठ
९ मार्च, रात्री १०:४२

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितोय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज येणार नाही.

आमचे तात्या, म्हणजे वडील, वय ६४. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानी ३८ वर्षं दिवाणजी. हळदीचा हंगाम सुरू झाला की सौद्यात पुकारा करायचं काम त्यांचंच. चार गाळे पलीकडचा माणूस न बघता सांगायचा, तात्या बोलतायत म्हणून. यंदा मालकांनी पुकारा दुसऱ्याकडं दिला. तात्या काही बोलले नाहीत. घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि न जेवता झोपले. हे किती पुढं गेलंय ते मला त्या दिवशी कळलं.

दिवाळीपासूनच बोलणं जड होत होतं. आम्ही म्हणालो हळदीची धूळ, आवाज बसला असेल. दरवर्षी थोडा बसतोच. मग 'ळ' आणि 'ठ' त्यांच्या तोंडून नीट येईनात. जन्मभर ज्या मालाचं नाव घेतलं ती 'हळद' म्हणताना जीभ मध्येच अडायची. फोनवर तर गरम घास तोंडात धरून बोलल्यासारखं ऐकू यायचं. अर्धांगाची सुरुवात असेल म्हणून जानेवारीत डोक्याचा सीटी स्कॅन केला, तो चांगला आला. त्यानंतर खालच्या पुढच्या चार दातांची कवळी बसेनाशी झाली. ती दोनदा घासून आणली. तिसऱ्यांदा सांगण्यात आलं की हिरडी बदललीय, नवीनच करा. पैसे भरले, नवीन कवळी आली, तीही आठ दिवसांत टोचायला लागली.

परवा दुपारी ते आरामखुर्चीत झोपले होते. तोंड उघडं, आणि जीभ दातांच्या बाहेर आलेली. मी जवळ जाऊन बघितलं. जिभेच्या दोन्ही कडा करंजीला कातण फिरवल्यासारख्या झाल्यात, एकेका दाताचा ठसा. रंग नेहमीसारखाच आहे. जखम नाही, गाठ दिसत नाही. पण जीभ मोठी झालीय यात शंका नाही. दातांच्या आत मावतच नाही.

तात्या २०११ पर्यंत तंबाखू खायचे, त्यामुळं आईच्या मनात एकच भीती आहे, आणि ती तो शब्द उच्चारत नाही. एका ओळखीच्यानं सांगितलं की अशी जीभ ऑपरेशन करून लहान करतात, पुण्याला न्या. दुसरे म्हणाले रोज हळद-तूप चोळा. ते आम्ही पंधरा दिवस केलं.

नेमकं कुणाकडं जावं? दातांचे, कान-नाक-घशाचे, मेंदूचे की कॅन्सरचे? आणि जीभ अशी मोठी होते तरी कशानं?

वारणेकाठचा
९ मार्च, रात्री ११:२०

तात्यांना बीपीची गोळी चालू आहे का ते आधी बघा. माझ्या चुलत्यांची जीभ एका रात्रीत सुजली होती. नऊला जेवून झोपले, एकला उठवलं तर बोलता येईना, लाळ गळत होती. मिरजेला नेईपर्यंत श्वास घुसमटायला लागला. डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी बघूनच ओळखलं. ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, रामिप्रिल, एनालाप्रिल, त्या गोळीनं काही जणांना असं होतं. आम्ही म्हणालो, गोळी तर चार वर्षं चालू आहे. ते म्हणाले, चार वर्षांनीही होतं. अंगावर पित्त उठत नाही, खाज नाही, नुसती सूज. दोन रात्री आयसीयूत काढल्या, मग उतरली. ती गोळी कायमची बंद.

तात्यांचं चार महिने हळूहळू चाललंय, तेव्हा तुमचं वेगळं असेल. पण पट्टी बघाच.

मिरजेचा दंतशल्यक
१० मार्च, सकाळी ७:०५

मी मुख आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो. न तपासता निदान सांगणार नाही, पण दिशा नक्की सांगू शकतो. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आज शस्त्रक्रियेचा विचार डोक्यातून काढा, आणि कवळीवर आणखी एक रुपया घालू नका.

जीभ अशी मोठी होण्याला मॅक्रोग्लॉसिया म्हणतात. हे नाव म्हणजे निदान नव्हे. पाय सुजला म्हटल्यानं हृदय, मूत्रपिंड की मुरगळणं हे कळत नाही, तसंच हे. प्रौढ वयात, काही महिन्यांत, दोन्ही बाजूंनी सारखी जीभ वाढली तर दोष बहुधा जिभेत नसतो. शरीरात दुसरीकडं कुठं तरी असतो आणि जिभेवर दिसतो. कॅन्सर सहसा एका बाजूला गाठ, न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा अशा रूपात येतो. तंबाखूचा इतिहास आहे म्हणून जिभेखाली, कडांना आणि मागं मुळाशी बोटानं चाचपून बघायलाच हवं, ते कुणीही जाणकार दंतवैद्य पाच मिनिटांत करेल. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून ती भीती मनात घेऊन बसू नका, हे आईंना सांगा.

खालचे दात बरेच पडलेले असले तरी मोकळ्या जागेत जीभ पसरते. पण मग कडांना असे ठसे उठत नाहीत आणि ळ-ठ अडत नाहीत.

आता मला ही माहिती हवी. वजन वाढलंय का? इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते का? शौचाला साफ होते का? घोरतात का, आणि घोरता घोरता श्वास थांबतो का? हाताच्या बोटांना रात्री मुंग्या येतात का? बोटातली अंगठी घट्ट झाली का, चपलेचा नंबर वाढला का? लघवीला फेस येतो का? डोळ्यांभोवती न मारता काळेनिळे डाग पडतात का? पायावर सूज असेल तर बोटानं दाबल्यावर खड्डा पडतो का? आणि पाच-सहा वर्षांपूर्वीचा एखादा फोटो काढून आजच्या चेहऱ्याशेजारी धरा.

हे प्रश्न जिभेबद्दलचे वाटणार नाहीत. पण उत्तर त्यातच असतं.

कृष्णाकाठ
१० मार्च, रात्री ९:५०

डॉक्टरसाहेब, तुमचे प्रश्न कागदावर उतरवून आईशेजारी बसलो. तासभर बोलत होतो. मला स्वतःचाच राग आला, कारण निम्मं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

तात्या स्वेटर घालतात. मार्चमध्ये, सांगलीत. यार्डातल्या पत्र्याखाली माणसं घामानं निथळत असतात, आणि हे हमालांच्या बाकड्यावर स्वेटर घालून बसलेले. आम्ही वयाचं कारण दिलं. वजन ६८ वरून ७७ झालंय, आणि जेवण तर अर्ध्यावर आलंय. शौचाला चार चार दिवस होत नाही, इसबगोल चालू आहे. घोरणं इतकं की आई माजघरात झोपते. ती म्हणाली, मधेच आवाज बंद होतो, मी मोजते, दहा-बारापर्यंत जाते आणि मग एकदम हिसका देऊन श्वास घेतात. हे तिनं आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

बोटांना मुंग्या आहेत, उजव्या हाताला जास्त. पहाटे हात झटकत बसतात. अंगठी घालत नाहीत. चपलेचा नंबर तोच, आठ. लघवीचं विचारलं तर म्हणाले लक्ष दिलं नाही. डोळ्यांभोवती डाग नाहीत, पण पापण्या सुजल्यासारख्या. नडगीवर दाबून बघितलं, फुगीर आहे पण खड्डा पडत नाही.

फोटोचं तुम्ही सांगितलं म्हणून बहिणीच्या लग्नातला, २०१८ चा काढला. तो माणूस वेगळाच आहे. भुवयांच्या बाहेरच्या टोकाचे केस आता गेलेत, चेहरा भरल्यासारखा, ओठ जाड. रोज बघतो म्हणून दिसलं नाही.

बीपीची गोळी टेल्मिसार्टन आहे, 'प्रिल'वाली नाही.

कोरेगावची लेक
१० मार्च, रात्री ११:३५

मी सातारा जिल्ह्यातली. तुमचं वाचून झोप येईना, म्हणून लिहितेय.

माझ्या आईला हाच त्रास होता. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, निवृत्त झाल्यावरही गल्लीतली पोरं पाढे म्हणायला तिच्याकडं यायची. २०२० च्या पावसाळ्यात जिभेला दातांचे ठसे दिसायला लागले. त्याच्याही आधी दोन्ही मनगटांच्या नसा दबल्या होत्या, दोन्हींची ऑपरेशनं झाली होती. हाताचे डॉक्टर हात बघत होते, दातांचे दात. तुमच्याकडंही बोटांच्या मुंग्या आहेत, म्हणून मला राहवलं नाही.

आईचा थायरॉइडचा रिपोर्ट किंचित वाढलेला आला. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावलं की रक्तात वाढणारं संप्रेरक, सात की आठ. गोळी सुरू झाली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आठ महिने आम्ही वाट बघत बसलो. जीभ वाढतच गेली. एकदा तिला खोकल्याची उबळ आली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांभोवती जांभळे डाग. कुणी मारल्यासारखे. शेजारणी काय काय बोलल्या ते सोडा. त्या डागांवरून पुण्याच्या एका डॉक्टरांनी ओळखलं.

त्याला एएल अमायलॉइडोसिस म्हणतात. हाडांच्या मगजातल्या काही पेशी एक चुकीचं प्रथिन बनवत राहतात. त्याचे बारीक तंतू होऊन अवयवांत साठतात, जिभेत, हृदयात, मूत्रपिंडात, नसांत. जीभ दगडासारखी घट्ट होते. पोटावरच्या कातडीखालची थोडी चरबी सुईनं काढून कॉंगो रेड नावाच्या रंगानं तपासली, मगजाची तपासणी केली, रक्तात फ्री लाइट चेन, म्हणजे त्याच प्रथिनाचे सुटे तुकडे, बघितल्या. जिभेचा तुकडा घेतला नाही, कारण या आजारात रक्त लवकर थांबत नाही. लघवीतून प्रथिन जात होतं, म्हणून फेस येत होता. हृदयाची भिंत जाड झाली होती.

दर आठवड्याला बोर्टेझोमिबचं इंजेक्शन पोटाच्या कातडीत, सोबत सायक्लोफॉस्फामाइड आणि डेक्सामेथासोन. सहा महिन्यांत रक्त सुधारलं. जीभ वाढायची थांबली, पण मागं हटली नाही. हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आम्ही रोज आरसा धरून बघायचो. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, अगदी मऊ करून द्यायचे. पाणी पिताना ठसका लागायचा, म्हणून हनुवटी छातीकडं घेऊन प्यायला एका वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी शिकवलं. त्याचा खूप उपयोग झाला. आई साडेतीन वर्षं राहिली. गेली ती हृदयानं.

तात्यांना हेच असेल असं मी म्हणत नाही, देव करो आणि नसो. एवढंच सांगते, पहिला रिपोर्ट थोडा इकडंतिकडं आला म्हणून शोध थांबवू नका. लघवीतलं प्रथिन आणि हृदयाचा इको, दोन्ही करून घ्या.

मिरजेचा दंतशल्यक
११ मार्च, सकाळी ६:५०

कोरेगावच्या ताईंनी फार मोलाचं लिहिलंय. मनगटाची नस थायरॉइड मंदावल्यावर दबते, अमायलॉइडमध्ये दबते, आणि वाढीचं संप्रेरक जास्त सुटणाऱ्या ॲक्रोमेगालीतही दबते. तिन्हींत जीभही मोठी होते. म्हणून जीभ आणि मनगट एकत्र आले की या तिन्हींचा विचार करावाच लागतो. तात्यांची चप्पल तीच आहे, दातांत फटी पडल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळं तिसरं मागं पडतं. वाढीचं संप्रेरक जास्त सुटतंय का हे दाखवणारी रक्तातली आयजीएफ-१ तपासणी लागलीच तर नंतर करता येईल.

स्वेटर, बद्धकोष्ठ, भुवया, खड्डा न पडणारी सूज. हे सगळं थायरॉइडकडं बोट दाखवतंय, आणि तेही बऱ्याच दिवसांच्या, चांगल्याच मंदावलेल्या. त्यात शरीरभर ऊतींमध्ये पाणी धरून ठेवणारे पदार्थ साचतात. चेहऱ्यात साचतात तसेच जिभेत आणि स्वरयंत्रातही. आवाज हळदीच्या धुळीनं बसला नसावा.

उद्या सकाळी टीएसएच आणि फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, या तपासण्या करा. सोबत हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, लघवीची तपासणी, ईसीजी. जायचं मेडिसिनच्या, म्हणजे फिजिशियनच्या ओपीडीत. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं सांगलीचं सिव्हिल, दोन्हीकडं ती आहे. कान-नाक-घसावाले आणि आम्ही दातवाले त्यानंतर.

दोन गोष्टी आज रात्रीपासून पाळा. त्यांना उताणं झोपू देऊ नका, कुशीवर झोपवा, उशाला चढ द्या. आणि झोपेची गोळी कुणीही दिली तरी देऊ नका. मोठ्या जिभेनं श्वासवाट आधीच अरुंद झालेली असते, आणि थायरॉइड फार मंद असताना गुंगीचं औषध शरीर सहजासहजी बाहेर टाकत नाही. याच कारणासाठी मी ऑपरेशनला नको म्हणालो. अशा माणसाला तपासणी न करता भूल देणं जिवावर बेतू शकतं.

जीभ कापून लहान करणं खोटं नाही, मी स्वतः केलंय. पुढचा किंवा मधला पाचरीसारखा भाग काढून कडा शिवतात. पण ते मुख्यतः मुलांत, जिथं जिभेची घडणच मोठी आहे आणि ती जबडा वाकवतेय, श्वास अडवतेय. बेकविथ-वीडेमन नावाच्या जन्मजात विकारात ते लागतं. त्या बाळांना जन्मतः मोठी जीभ, बेंबीचा फुगा, सुरुवातीला रक्तातली साखर कमी, कधी शरीराची एक बाजू मोठी. त्यांच्या पोटाची सोनोग्राफी दर ३ महिन्यांनी सात-आठ वर्षांपर्यंत करावी लागते, कारण मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या गाठींचा धोका असतो. ही सोनोग्राफी चुकवलेली मुलं आमच्याकडं येतात तेव्हा फार वाईट वाटतं. जिभेत लसवाहिन्यांची, म्हणजे लिम्फच्या नळ्यांची, गाठ असेल तर आता आधी इंजेक्शननं किंवा सिरोलिमससारख्या औषधानं आकसवून बघतात. डाउन सिंड्रोममध्ये बऱ्याचदा जीभ नेहमीएवढीच असते, तोंडाची पोकळी लहान आणि स्नायू सैल, म्हणून ती बाहेर दिसते.

तात्यांना यातलं काही लागू नाही. पण हा धागा उद्या एखादी आई वाचेल, म्हणून लिहिलं.

विट्याची आई
११ मार्च, दुपारी ३:१५

ती आई मीच समजा, सहा वर्षांपूर्वीची.

माझं बाळ जन्मल्यापासून जीभ बाहेर काढून असायचं. सासरी सगळे कौतुक करायचे, जीभ लांब आहे, वकील होणार. रडायचं नाही, दूध पिता पिता झोपायचं. सगळ्या म्हणायच्या, किती शहाणं बाळ, आईला त्रासच देत नाही. रडलंच तर आवाज घोगरा. कावीळ तीन आठवडे झाले तरी उतरली नव्हती, आणि बेंबी फुगलेली. तिच्यावर पूर्वीचं एक रुपयाचं नाणं बांधलं होतं.

२६ व्या दिवशी लस विचारायला गेले तेव्हा नर्सबाईंनीच जीभ बघून डॉक्टरांना बोलावलं. टीएसएच फार वाढलेलं निघालं. त्या दिवसापासून थायरॉइडची गोळी, चुरून चमचाभर आईच्या दुधात. दोन महिन्यांत जीभ आत गेली. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली असती तर सगळ्यात चांगलं, कारण मेंदूची वाढ त्यावर असते. आता पहिलीत आहे, वाचायला येतं, थोडा उशिरा बोलला. मी अजून मनात ते २६ दिवस मोजते.

बाळ दोन-तीन दिवसांचं असताना टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ही तपासणी होते. सगळीकडं आपणहून करत नाहीत. मागून घ्या. आणि शहाणं बाळ, शहाणं बाळ म्हणून गप्प बसू नका.

कृष्णाकाठ
१३ मार्च, रात्री ८:३०

रिपोर्ट आला. टीएसएच १५० पेक्षा जास्त, मशीन त्याच्या पुढं मोजत नाही म्हणाले. फ्री टी-४ अगदी तळाला. नाडी ५२. हृदयाभोवती थोडं पाणी आहे, इकोत दिसलं, पण भिंतीची जाडी ठीक आहे. लघवीत प्रथिन नाही. हे कोरेगावच्या ताईंसाठी मुद्दाम लिहितोय, कारण ओपीडीतल्या डॉक्टरांनी लघवी आणि इको आधी सांगितले नव्हते, मी तुमचं वाचून विचारलं, आणि त्यांनी लगेच लिहून दिलं.

फिजिशियननी तात्यांच्या गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय उडाला आणि मग अगदी सावकाश खाली आला. ते म्हणाले, हे बघा, हाच रिपोर्ट.

थायरॉइडची गोळी, लेव्होथायरॉक्सिन, २५ मायक्रोग्रॅमवर सुरू केलीय. मी विचारलं, एवढं वाढलंय तर मोठी गोळी का नको? म्हणाले, वय आहे, हृदय महिनोन्‌महिने हळू चालायला सरावलंय, एकदम पळवलं तर छातीत दुखेल, ठोके चुकतील. दर सहा आठवड्यांनी बघत वाढवायची. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं. तात्यांना गोळीचं काही वाटलं नाही, चहाचं वाटलं. कॅल्शियमची गोळी दुपारी ढकललीय, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं म्हणून.

आई आज माजघरातून उठून परत आत झोपायला गेली. म्हणाली, मला श्वास मोजायचाय.

कोरेगावची लेक
१३ मार्च, रात्री ९:१०

लघवीत प्रथिन नाही हे वाचलं आणि देवापुढं दिवा लावला. तुमच्या तात्यांचा चेहरा मी पाहिलेला नाही, तरी. आता गोळी एक दिवसही चुकवू देऊ नका. आणि तीन-चार महिन्यांत जीभ उतरलीच नाही तर पुन्हा विचारा, लाजू नका.

कृष्णाकाठ
१८ जुलै, रात्री १०:०५

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं होतं, माफ करा. हंगाम होता, त्यात आम्ही दर सहा आठवड्यांनी तपासण्या करत होतो.

गोळी २५ वरून ५०, मग ७५, आता १०० वर आहे. टीएसएच १५० वरून ६१, मग १९, परवा ७.४. वजन ७७ चं ७०. डॉक्टर म्हणाले यात पाणीच जास्त. स्वेटर मे महिन्यात त्यांनी स्वतःच घडी घालून ट्रंकेत ठेवला. शौचाचं ठीक आहे. मुंग्या पहाटे येतात अजून, पण रोज नाही. श्वास थांबणं आईच्या मोजणीप्रमाणं बंद झालंय, घोरणं आहे.

जिभेचं सांगतो. पहिला महिना काहीच फरक नव्हता, आणि मी रोज ताईंचं 'मागं हटली नाही' आठवायचो. दीड महिन्यानंतर एके दिवशी तात्या जेवताना बोलले आणि घास सांडला नाही. मग आवाजातली घोगर गेली. कडांवरचे ठसे पुसट झालेत, उजवीकडं अजून दिसतात. जीभ दातांच्या आत मावते.

गेल्या आठवड्यात मालकांनी जुन्या मालाच्या आठ-दहा पोत्यांचा सौदा होता, त्याला पुकारा करायला लावला. मी मुद्दाम गेलो होतो. आवाज पूर्वीएवढा नाही. चार गाळे पलीकडं गेला नसता. पण 'हळद' म्हणाले, आणि 'ळ' जिथल्या तिथं होता. शेजारच्या गाळ्यातले एक म्हातारे अडते हातातला हिशेब खाली ठेवून बघायला आले.

आता प्रश्न कवळीचा. जुनी घासून घासून बाद झाली, जानेवारीत केलेली आता सैल झालीय, बोलताना उचलते. लगेच नवीन करून घेऊ का?

मिरजेचा दंतशल्यक
१९ जुलै, सकाळी ६:४०

फार बरं वाटलं.

कवळी आता नको. टीएसएच अजून पूर्ण जागेवर आलेलं नाही, म्हणजे जीभ आणखी थोडी उतरणार. आज माप घेतलं तर दोन महिन्यांनी तीही सैल होईल. रिपोर्ट लागोपाठ दोनदा नेहमीच्या मर्यादेत आला की मापाला या. तोवर जानेवारीतल्या कवळीला आतून मऊ अस्तर लावून मिळतं, खर्च थोडा आहे, तेवढ्यावर भागेल. रात्री काढून पाण्यात ठेवायला सांगा.

उजव्या कडेचे ठसे राहतायत, तिथला एखादा दात आत कललेला किंवा धारदार असू शकतो. अस्तराला याल तेव्हा तेवढं बघून घेऊ. गोळी मात्र आयुष्यभर आहे. टीएसएच नीट आलं म्हणून ती बंद करणारे दरवर्षी भेटतात, आणि वर्षभरात तीच जीभ घेऊन परत येतात.